एकच मिथाइल खूण, उलटे निष्कर्ष: आरएनएवरील बदल आणि यकृताच्या कर्करोगाचा प्रसार

अनुलेख

२०१७ साली ‘हेपॅटॉलॉजी’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. यकृताच्या कर्करोगात मेटल-१४ हे प्रथिन कमी झालेले असते आणि ते आणखी कमी केले तर कर्करोगपेशींची पसरण्याची क्षमता वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढच्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, हाँगकाँग विद्यापीठातील गटाने दाखवले की मेटल-३ हे प्रथिन याच कर्करोगात वाढलेले असते आणि ते पेशींतून काढून टाकले तर उंदरांच्या फुप्फुसांत होणारा प्रसार घटतो. या दोन प्रथिनांचा परस्परांशी काही संबंध नसता, तर यात बोलण्यासारखे काही नव्हते. पण ती दोन्ही जोडीने काम करतात आणि आरएनएवर एकच रासायनिक खूण उमटवतात. जोडीतले एक कमी झाले की रोग पसरतो आणि दुसरे कमी झाले की रोगाला आळा बसतो, हे कसे? या प्रश्नावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आरएनए, म्हणजे डीएनएतील माहितीची पेशीने काढलेली नक्कल, तयार झाल्यावर पेशी त्याच्या अक्षरांवर रासायनिक बदल करते. असे दीडशेहून अधिक बदल आज माहीत आहेत. संदेशवाहक (प्रथिन बनवण्याचा संदेश नेणाऱ्या) आरएनएच्या अंतर्भागात सर्वाधिक आढळणारा बदल म्हणजे अ‍ॅडेनोसिनच्या सहाव्या स्थानावरील नायट्रोजनला जोडलेला मिथाइल गट, म्हणजेच एम-६-ए. तो १९७४ सालीच सापडला होता, परंतु पुढची सुमारे पस्तीस वर्षे त्याच्याकडे फारसे कोणी वळले नाही, कारण ही खूण कोणत्या आरएनएवर नेमकी कुठे आहे हे पाहण्याची सोयच नव्हती. २०११ साली एफटीओ हे प्रथिन ही खूण पुसू शकते असे दिसले आणि २०१२ साली दोन गटांनी संपूर्ण पेशीतील खुणांचा नकाशा काढला. तेव्हापासून या क्षेत्राला भरती आली. खूण उमटवणाऱ्या प्रथिनांना ‘लेखक’, पुसणाऱ्यांना ‘खोडणारे’ आणि तिला ओळखून पुढील कृती करणाऱ्यांना ‘वाचक’ म्हणण्याचा प्रघात आहे. मेटल-३, मेटल-१४ आणि त्यांचे साथीदार हे लेखक; एफटीओ आणि एएलकेबीएच-५ हे खोडणारे; वायटीएच गटातील आणि आयजीएफ-२-बीपी गटातील प्रथिने हे वाचक.

आता रोगाविषयी. येथे यकृताचा कर्करोग म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, अर्थात यकृताच्या मुख्य पेशींपासून उद्भवणारा कर्करोग, असे समजावे. यकृतात सुरू होणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे ७५ ते ८५ टक्के या प्रकारचे असतात. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६५ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार मृत्यू झाले. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ असणे हीच या रोगाची खरी ओळख आहे. त्याचा प्रसार आधी यकृताच्या आतच होतो: पेशी आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेच्या बारीक फांद्यांमध्ये घुसतात आणि त्या वाटेने यकृताच्या दुसऱ्या भागात रुजतात. बाहेर पडल्यावर त्यांचे सर्वांत नेहमीचे ठिकाण फुप्फुस. त्यानंतर लसिकाग्रंथी, हाडे आणि अधिवृक्क ग्रंथी.

वरील दोन शोधनिबंधांतील यंत्रणा बारकाईने पाहिल्या तर पेच थोडा सैल होतो. २०१८ च्या कामात मेटल-३ ने ‘सॉक्स-२’ या जनुकाच्या संदेशावर खुणा उमटवल्या, वायटीएचडीएफ-२ या वाचकाने त्या ओळखल्या आणि तो संदेश नष्ट करवला. सॉक्स-२ हे साइटोकाइन (पेशींमध्ये निरोप नेणारी प्रथिने) यांच्या संकेतांना लगाम घालणारे प्रथिन आहे. लगाम गेला, पेशी उधळल्या. २०१७ च्या कामात खूण निराळ्याच प्रकारच्या आरएनएवर होती. मायक्रोआरएनए-१२६ हा लहानसा आरएनए एका लांब पूर्वरूपातून कापून काढावा लागतो, आणि कापणाऱ्या यंत्रणेतील डीजीसीआर-८ हे प्रथिन त्या पूर्वरूपाला नीट ओळखते ते तेथील खुणेमुळे. मेटल-१४ कमी झाले की कापणी मंदावते, मायक्रोआरएनए-१२६ घटतो आणि प्रसाराला असलेला एक अडसर दूर होतो. म्हणजे एका ठिकाणी खुणेमुळे संदेश नष्ट झाला, तर दुसऱ्या ठिकाणी खुणेमुळेच एक उपयुक्त आरएनए तयार झाला.

तिसरे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. २०१९ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये ‘स्नेल’ या प्रथिनाविषयी काम प्रसिद्ध झाले. यकृताच्या पेशी शेजारणींना घट्ट चिकटून असतात आणि त्या चिकटपणात ई-कॅडहेरिन या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. स्नेल हे प्रथिन ई-कॅडहेरिनचे जनुक बंद पाडते, मग पेशी सुटी होते, लांबट होते, सरकू लागते. या स्थित्यंतराला एपिथेलियल-मेसेन्कायमल ट्रान्झिशन म्हणतात आणि प्रसाराची ती एक महत्त्वाची पायरी मानली जाते. या अभ्यासात असे दिसले की स्थित्यंतर घडताना संदेशवाहक आरएनएवरील एम-६-ए वाढते, आणि स्नेलच्या संदेशातील ज्या भागातून प्रत्यक्ष प्रथिन वाचले जाते त्या भागातील खुणा वायटीएचडीएफ-१ मार्फत प्रथिननिर्मितीला वेग देतात. संदेशाच्या शेपटीकडील खुणांनी हा परिणाम होत नव्हता. खूण तीच, संदेशही तोच, पण जागा बदलली आणि परिणाम बदलला.

माझे मत असे की ‘एम-६-ए प्रसार वाढवते की रोखते’ हा प्रश्नच चुकीचा विचारला गेला आहे. या खुणेला स्वतःचा अर्थ नाही. ती कोणत्या आरएनएवर आहे, कोठे आहे आणि त्या पेशीत कोणते वाचक हजर आहेत यावर परिणाम ठरतो. त्यामुळे ‘अमुक लेखक वाढला म्हणून कर्करोग पसरला’ अशा शीर्षकांकडे मी साशंकतेने पाहतो. आणि याच कारणाने, केवळ लेखकाला रोखून यकृताच्या कर्करोगाचा प्रसार थांबेल ही आशा मला भाबडी वाटते.

पेशीनिरीक्षक

मांडणी आवडली. माझा संबंध काचपट्टीवरील ऊतींशी येतो, म्हणून त्या बाजूने एक मुद्दा जोडतो.

शस्त्रक्रियेत काढलेल्या यकृताच्या तुकड्यात आम्ही ज्या गोष्टीचा कसून शोध घेतो ती म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील शिरकाव. गाठीच्या कडेबाहेर, पोर्टल शिरेच्या एखाद्या बारीक फांदीत, आतून एंडोथेलियमचे सपाट अस्तर स्पष्ट दिसते आणि त्या पोकळीत कर्करोगपेशींचा एक गोळा तरंगताना किंवा भिंतीला टेकलेला आढळतो. त्या एका दृश्याने रुग्णाचे पुढील भवितव्य बदलते, कारण रोग परत येण्याची शक्यता त्यामुळे बरीच वाढते. आता हा गोळा संपूर्ण गाठीच्या मानाने अगदी नगण्य असतो. गाठीचा एक तुकडा कापून, दळून, त्यातील मेटल-३ किंवा एम-६-ए मोजले तर जे उत्तर येते ते गाठीच्या बहुसंख्य पेशींचे असते, आणि त्या पेशी जागच्या जागी बसलेल्या असतात. प्रसार करणाऱ्या पेशी त्या सरासरीत बुडून जातात. शिवाय त्या तुकड्यात रक्तवाहिन्यांच्या, दाहाच्या आणि तंतू तयार करणाऱ्या पेशीही असतात. त्यांचे प्रमाण प्रत्येक रुग्णात वेगळे.

दुसरे असे की तुलनेसाठी ‘शेजारचे निरोगी यकृत’ घेतले जाते, पण या रोगात शेजारचे यकृत क्वचितच निरोगी असते. बहुतेक रुग्णांत तेथे सिरॉसिस किंवा दीर्घकालीन दाह असतो. दाहामुळे खुणा लिहिणाऱ्या प्रथिनांची पातळी बदलत असेल तर ‘वाढले’ आणि ‘घटले’ हे शब्द कोणत्या पायरीवरून उच्चारायचे?

वाचनमात्र

माझा प्रश्न कदाचित बाळबोध वाटेल. मी या विषयातला नाही. डीएनएमधील उत्परिवर्तनाने कर्करोग होतो हे शाळेपासून वाचले आहे. येथे आपण ज्या खुणांविषयी बोलत आहात त्या डीएनएवर नसून आरएनएवर आहेत, आणि आरएनए तर काही तासांत नष्ट होतो असे म्हणतात. मग इतक्या अल्पजीवी रेणूवरील खूण महिनोन्‌महिने चालणाऱ्या रोगाला कशी दिशा देते? आणि ही गोष्ट आनुवंशिक आहे का?

अनुलेख

प्रश्न अजिबात बाळबोध नाही.

एकेक खूण अल्पजीवीच असते. तिचा आरएनए गेला की ती गेली. टिकून राहतो तो खुणा लिहिणारा आणि वाचणारा संच. पेशीत एखादा लेखक कायम जास्त प्रमाणात तयार होत असेल, तर दर वेळी नव्याने तयार होणाऱ्या संदेशांवर तशाच खुणा पडत राहतात. मूळ कारण बऱ्याचदा डीएनएमधील उत्परिवर्तनातच असते. खुणा त्या मूळ बिघाडाला वेग किंवा दिशा देतात. ही गोष्ट आई-वडिलांकडून मुलांकडे जात नाही.

आणखी एक बाब. प्रसार करणाऱ्या पेशीला अल्पजीवी व्यवस्थाच सोयीची असते. गाठीतून सुटताना तिला सैल व्हावे लागते, रक्तातून जाताना तग धरावा लागतो आणि फुप्फुसात पोचल्यावर पुन्हा चिकटून, पुन्हा वाढायला लागावे लागते. उत्परिवर्तन परत फिरवता येत नाही. कोणता संदेश किती काळ टिकेल आणि किती वेगाने वाचला जाईल हे मात्र काही तासांत बदलता येते. आयजीएफ-२-बीपी या वाचकांचा मी वर केवळ उल्लेख केला. त्यांपैकी काही गर्भावस्थेत भरपूर असतात, प्रौढ यकृतात जवळजवळ नाहीसे होतात आणि कर्करोगात पुन्हा उगवतात. २०१८ साली असे दिसले की हे वाचक खूण असलेल्या संदेशांचे आयुष्य वाढवतात. कर्करोगाला चालना देणाऱ्या ‘मिक’ या जनुकाचा संदेश त्यांपैकी एक. वायटीएचडीएफ-२ खूण पाहून संदेश नष्ट करवतो, आयजीएफ-२-बीपी तशीच खूण पाहून संदेश जपतात. पेशीत या दोघांपैकी कोण अधिक आहे यावर एका संदेशाचे काय होईल हे बरेचसे अवलंबून असते.

बेंचवरून

धाग्याचा सूर योग्य आहे, पण मला तो अजून थोडा कडक हवा होता. विसंगतीचे स्पष्टीकरण जीवशास्त्रात शोधण्याआधी प्रयोगांच्या दर्जात शोधायला हवे.

या विषयावरील अनेक निबंधांत ज्या पेशीवाणांवर, म्हणजे प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवत ठेवलेल्या पेशींवर, प्रयोग झाले आहेत त्यांची यादी काढून पाहा. हेप-जी-२ हा वाण हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमाचा म्हणून वापरला जातो, पण तो प्रत्यक्षात हेपॅटोब्लास्टोमा या लहान मुलांतील निराळ्या गाठीपासून आलेला आहे असे आता मानले जाते. एसएमएमसी-७७२१ आणि बेल-७४०२ हे तर यकृताचे वाणच नाहीत. डीएनए तपासणीत ते हेला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी निघाले. ‘सामान्य यकृतपेशी’ म्हणून तुलनेला घेतला जाणारा एल-०२ हाही हेलाने दूषित. म्हणजे एखाद्या निबंधात कर्करोगग्रस्त यकृत आणि निरोगी यकृत यांची तुलना म्हणून जो आलेख छापलेला असतो, त्यात दोन्ही बाजूंना हेलाच असण्याची शक्यता असते. अशा आलेखातून विसंगती निघाली तर नवल कसले?

मोजमापाचेही तेच. एकूण एम-६-ए मोजण्यासाठी डॉट ब्लॉट करतात: पडद्यावर आरएनएचे थेंब टाकायचे, खुणेला चिकटणारे प्रतिपिंड लावायचे आणि ठिपका किती गडद झाला ते पाहायचे. आरएनए सारखा टाकला आहे हे दाखवण्यासाठी मेथिलीन ब्लूने रंगवलेला दुसरा पडदा शेजारी छापतात. संदेशवाहक आरएनए शुद्ध करताना त्यात रायबोसोमचा, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेचा, आरएनए थोडा जरी उरला, तरी ठिपक्याचा अर्थ बदलतो, कारण रायबोसोमच्या आरएनएवरही एम-६-ए असते आणि ते मेटल-३ ने लिहिलेले नसते. नकाशा काढण्याच्या जुन्या पद्धतीत प्रतिपिंडाने आरएनएचे तुकडे ओढून घेतात. त्यातून खूण शंभर-दोनशे अक्षरांच्या पट्ट्यात कोठेतरी आहे एवढेच कळते आणि किती टक्के प्रतींवर ती आहे हे कळत नाही. अलीकडे एकेका अक्षराची टक्केवारी देणाऱ्या रासायनिक पद्धती आल्या आहेत, परंतु यकृताच्या कर्करोगावरील बरेचसे निष्कर्ष त्यांच्या आधीचे आहेत.

प्रसाराच्या प्रयोगाविषयी शेवटचे. उंदराच्या शेपटीच्या शिरेत कर्करोगपेशी टोचायच्या आणि काही आठवड्यांनी फुप्फुसातील गाठी मोजायच्या, ही सर्वांत सोपी पद्धत. यात पेशी आयत्याच रक्तात सोडलेल्या असतात. गाठीतून सुटणे आणि रक्तवाहिनीत शिरणे, म्हणजे पेशीनिरीक्षक यांनी वर्णन केलेला टप्पाच, या प्रयोगात तपासला जात नाही. त्यासाठी पेशी उंदराच्या यकृतातच रुजवाव्या लागतात. ते काम किचकट आहे, म्हणून ते कमी होते.

अनुलेख

वाणांच्या दूषिततेचा मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे आणि तो मूळ लेखात यायला हवा होता. तरीही सगळी विसंगती प्रयोगांच्या ढिसाळपणात मावते असे मला वाटत नाही, कारण चांगल्या दर्जाच्या कामांतही ती आढळते. वायटीएचडीएफ-२ या एका वाचकाचेच पाहा. २०१९ च्या एका अभ्यासात तो यकृताच्या कर्करोगात संरक्षक ठरला: तो इंटरल्यूकिन-११ आणि सर्पिन-ई-२ यांचे संदेश नष्ट करवतो, आणि गाठीतील ऑक्सिजन कमी झाल्यावर एचआयएफ-२-अल्फा या ऑक्सिजनच्या तुटवड्यात सक्रिय होणाऱ्या प्रथिनामुळे तो घटला की दाह वाढतो आणि रक्तवाहिन्यांची घडी विस्कटते. २०२० च्या दुसऱ्या अभ्यासात हाच वाचक ‘ऑक्ट-४’ या मूलपेशी-जनुकाला हात देऊन प्रसार वाढवताना दिसला. ऑक्सिजनचा तुटवडा असलेला गाठीचा गाभा आणि मूलपेशींसारख्या थोड्या पेशी ही दोन वेगळी परिस्थिती आहे; दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात.

जोडीच्या पेचाबद्दलही एक तपशील राहिला. २०१६ साली मेटल-३ आणि मेटल-१४ यांची त्रिमितीय रचना उलगडली, तेव्हा कळले की मिथाइल गट देणारा रेणू बसतो तो मेटल-३ च्या खोबणीत. मेटल-१४ ची तशीच दिसणारी खोबण त्या कामासाठी निकामी आहे. ते आरएनए धरायला आणि मेटल-३ ला स्थैर्य द्यायला मदत करते. मात्र दोघांचे उद्योग तेवढ्यावर संपत नाहीत. मेटल-१४ क्रोमॅटिनवरील (हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएवरील) एका हिस्टोन-खुणेला ओळखून लेखकसंकुलाला योग्य जागी आणते. मेटल-३ पेशीद्रवात जाऊन, खूण न लिहिताही, प्रथिननिर्मितीच्या यंत्रणेला हात देऊ शकते असे दिसले आहे. तेव्हा मेटल-३ काढून टाकल्यावर जे घडते ते सारे खुणेच्या खात्यावर टाकता येत नाही. खरी कसोटी म्हणजे प्रथिन जागेवर ठेवून केवळ त्याची खूण लिहिण्याची क्षमता एका बदलाने मारणे, आणि ज्या निबंधात तसा प्रयोग आहे त्याला मी अधिक वजन देतो.

माझ्या मताला सर्वांत मोठा आधार मात्र कर्करोगाबाहेरच्या कामातून मिळाला. २०२२-२३ च्या सुमारास निरनिराळ्या गटांनी दाखवले की खुणांची जागा बहुतांशी संदेशाच्या रचनेवरून ठरते: जेथे दोन एक्झॉन (अंतिम संदेशात राहणारे तुकडे) जोडले जातात तेथे बसणारे प्रथिनसंकुल आसपासच्या भागावर लेखकाला येऊच देत नाही, म्हणून लांब एक्झॉनवर आणि संदेशाच्या शेवटाकडे खुणा साचतात. हे खरे असेल तर मेटल-३ वाढल्यावर ते एखाद्या स्नेलला किंवा सॉक्स-२ ला निवडून गाठत नाही. जेथे जागा मोकळी आहे अशा हजारो संदेशांवर ते परिणाम करते. मग ‘एक लेखक, एक लक्ष्य, एक परिणाम’ ही साखळी म्हणजे हजारो बदलांतून उचललेला एक धागा ठरते. तो खोटा नसतो, पण त्यावर सगळा भार टाकता येत नाही.

मिथिओनिन

थोडे अवांतर, पण विषय यकृताचा आहे म्हणून हे बोललेच पाहिजे. आपण सगळे लेखक-वाचकांविषयी बोलत आहोत आणि शाईविषयी कोणीच बोलत नाही. मिथाइल गट येतो एस-अ‍ॅडेनोसिल मिथिओनिन या रेणूतून, आणि शरीरातील मिथाइल-हस्तांतरणाच्या अभिक्रियांपैकी फार मोठा वाटा यकृतात घडतो. ८५ टक्क्यांपर्यंतचा आकडा सामान्यतः दिला जातो. निरोगी यकृतपेशी हा रेणू ‘मॅट-१-ए’ या जनुकाच्या साहाय्याने तयार करते. कर्करोगात ते जनुक मंदावते आणि गर्भावस्थेतील ‘मॅट-२-ए’ त्याची जागा घेते, मात्र त्याने पुरवठा भरून येत नाही. मॅट-१-ए काढून टाकलेल्या उंदरांना पुढे आपोआप यकृताचा कर्करोग होतो.

गंमत अशी की मॅट-२-ए चे नियंत्रणही एम-६-ए च्याच हाती आहे. मेटल-१६ हा आणखी एक लेखक मॅट-२-ए च्या संदेशातील केसपिनेसारख्या वळणांवर बसतो. मिथाइलचा साठा भरपूर असला तर तो खूण लिहून चटकन सुटतो. साठा आटला की लिहिता येत नाही म्हणून तेथेच अडकून राहतो आणि त्याच्या त्या मुक्कामामुळे अडलेला इंट्रॉन (संदेशातून काढून टाकायचा तुकडा) कापला जाऊन अधिक मॅट-२-ए तयार होते. पेशी आपल्या मिथाइलचा साठा अशा रीतीने मोजते. ज्या रोगात शाईचाच पुरवठा बदललेला आहे, तेथे लेखकाची पातळी पाहून खुणांची संख्या गृहीत धरणे मला तरी धाडसाचे वाटते.

पेशीनिरीक्षक

मिथिओनिन यांच्याशी पूर्ण सहमत. शिवाय काचपट्टीवर आम्ही लेखकाचे प्रथिन रंगवतो, खूण नव्हे.

अक्षरबदल

आरएनएवरील बदल म्हणजे एम-६-ए एवढेच नव्हे. यकृताच्या कर्करोगात सर्वांत नेमके उदाहरण माझ्या मते आरएनए-संपादनाचे आहे. एडार-१ हे विकर दुपदरी आरएनएमधील अ‍ॅडेनोसिनचे इनोसिन करते, आणि प्रथिन तयार करणारी यंत्रणा इनोसिनला ग्वानोसिन म्हणून वाचते. २०१३ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये दाखवले गेले की या कर्करोगात ‘अ‍ॅझिन-१’ च्या संदेशात असे एक अक्षर बदलले जाते आणि प्रथिनातील ३६७ व्या जागी सेरीनऐवजी ग्लायसीन हे अमिनो आम्ल येते. बदललेले प्रथिन पेशीद्रवातून केंद्रकात सरकते आणि अँटिझाइमला अधिक घट्ट धरून ठेवते. अँटिझाइमचे काम वाढीला चालना देणारी काही प्रथिने मोडीत काढण्याचे. ते अडकून पडल्यावर ऑर्निथिन डीकार्बोक्सिलेज आणि सायक्लिन-डी-१ ही प्रथिने वाचतात, पेशींची वाढ आणि आक्रमकता वाढते. येथे खुणेचा अर्थ वाचकावर सोडलेला नाही. अक्षर बदलले की प्रथिन बदलले. डीएनए मात्र जसाच्या तसा असतो, त्यामुळे डीएनए-तपासणीत हा बदल कधीच दिसणार नाही.

टी-आरएनएचेही एक वाक्यात नमूद करतो: मेटल-१ आणि डब्ल्यूडीआर-४ ही जोडी काही टी-आरएनएंवर (प्रथिननिर्मितीसाठी अमिनो आम्ले आणून देणाऱ्या आरएनएंवर) सातव्या स्थानी मिथाइल असलेले ग्वानोसिन तयार करते, आणि यकृताच्या कर्करोगात ही जोडी वाढल्याचे व त्यामुळे वाढीला पोषक प्रथिनांची निर्मिती वेगावल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले आहे.

अनुलेख

अ‍ॅझिन-१ चे उदाहरण माझ्या ‘खुणेला स्वतःचा अर्थ नाही’ या विधानाला मर्यादा घालते, हे मान्य. ते विधान एम-६-ए पुरतेच समजावे.

वाचनमात्र

सर्वांचे आभार. आता एक व्यवहारातला प्रश्न. या सगळ्यातून उपचाराच्या दिशेने काही निघाले आहे का? मेटल-३ रोखणारे औषध आले आहे असे कोठेतरी वाचले होते.

रुग्णकक्ष

यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या चमूत काम करतो, म्हणून उत्तर देतो. मेटल-३ ची खूण लिहिण्याची क्षमता रोखणारे एसटीएम-२४५७ हे संयुग २०२१ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले, पण ते काम रक्ताच्या एका कर्करोगावर, तीव्र मायलॉइड ल्युकेमियावर आणि उंदरांत होते. त्याच कुळातील एसटीसी-१५ ची माणसांतील पहिली चाचणी २०२२ साली सुरू झाली. यकृताच्या कर्करोगासाठी मान्यता मिळालेल्या औषधांत आरएनएवरील खुणांना लक्ष्य करणारे एकही नाही. २००७ साली मान्यता मिळालेले सोराफेनिब आणि २०२० साली आलेली अ‍ॅटेझोलिझुमॅब-बेव्हॅसिझुमॅब ही जोडी रक्तवाहिन्यांच्या वाढीला आणि प्रतिकारशक्तीवरील अडसरांना हात घालते. एखाद्या रुग्णाने किंवा नातेवाइकाने हा धागा वाचून त्यातून उपचाराचा निर्णय घेऊ नये. तो आपल्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा.

मेटल-३ सरसकट रोखण्याबाबत माझी चिंता अनुलेख यांच्यापेक्षा वेगळी आहे. आमच्या रुग्णांना गाठीबरोबर सिरॉसिसही असतो, म्हणजे उरलेले यकृत आधीच काठावर असते. उंदरांच्या यकृतपेशींतून मेटल-३ काढल्यावर यकृताला इजा झाल्याचे, पेशी फुगल्याचे आणि डीएनएला हानी पोचल्याचे दिसले आहे. ल्युकेमियात जे सोसवते ते अशा यकृताला सोसवेल असे गृहीत धरता येत नाही. शिवाय २०२० च्या एका अभ्यासात मेटल-३ घटल्याने ‘फॉक्सो-३’ चा संदेश अस्थिर होऊन पेशी सोराफेनिबला दाद देईनाशा झाल्या होत्या. वायटीएचडीएफ-२ च्या ज्या अभ्यासाचा उल्लेख वर आला, त्यात संशोधकांनी लेखकाला हात न लावता एचआयएफ-२-अल्फा रोखणारे पीटी-२३८५ हे संयुग वापरले आणि त्याने वाचकाची पातळी सावरली. मला हा आडवळणाचा मार्ग अधिक समंजस वाटतो.

बेंचवरून

मग रुग्णांच्या ऊतींवरच नव्या पद्धतींनी काम का होत नाही? मूळ गाठ, शिरेतील गोळा आणि फुप्फुसातील गाठ, तिन्ही एकाच रुग्णाच्या, आणि एकेका अक्षराची टक्केवारी. असा संच मिळाला तर या धाग्यातील निम्मे वाद मिटतील.

रुग्णकक्ष

ऊतीच मिळत नाहीत. सिरॉसिस असलेल्या रुग्णात ठरावीक लक्षणे असलेली गाठ सीटी किंवा एमआरआयवर दिसली तर निदान तेवढ्यावरच होते. सुईने तुकडा काढण्याची गरज पडत नाही, आणि रक्तस्रावाचा धोका पाहता ते योग्यही आहे. शस्त्रक्रिया होते ती ज्यांचा रोग लवकर सापडला त्यांची. म्हणजे संशोधनासाठी साठवलेले बहुतेक नमुने अशा रुग्णांचे असतात ज्यांच्यात प्रसार अजून झालेला नसतो. ज्यांच्यात तो झाला आहे त्यांना गोळ्या किंवा सलाइनमधून औषध दिले जाते आणि त्यांची ऊती कोणाच्या हाती येत नाही.

पेशीनिरीक्षक

जे नमुने आहेत तेही बव्हंशी फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेले. फॉर्मॅलिनने आरएनएचे तुकडे होतात आणि अ‍ॅडेनोसिनच्या ज्या नायट्रोजनवर आपण मिथाइल शोधत आहोत, नेमक्या त्याच जागी फॉर्मॅलिनचे अवशेष चिकटतात. तुम्ही म्हणता तसा संच हवा असेल तर शस्त्रक्रियागृहातच तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये टाकावा लागेल, आणि शिरेतील गोळा त्या क्षणी डोळ्यांना दिसत नसतो. गोठवलेल्या तुकड्याचे पातळ काप काढून, सूक्ष्मदर्शकाखाली गोळा शोधून, लेझरने तेवढाच कापून घेणे शक्य आहे. मात्र त्यातून मिळणारा आरएनए इतका थोडा असेल की सध्याच्या पद्धतींना तो पुरेल का, हे तुम्हीच सांगा.

बेंचवरून

एका गोळ्याचा पुरणार नाही. अनेक कापांतील गोळे एकत्र करावे लागतील, आणि तेही एकाच रुग्णाचे, नाहीतर पुन्हा तीच सरासरी.